नवीन ट्रेमोलो बसवला आणि गिटार ट्यूनमध्ये राहीना: स्प्रिंगा बदलायच्या आधी हे बघ

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल काय चाललंय ते. स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाइपची स्वस्तातली गिटार, मूळचा ब्रिज गंजला म्हणून तू सहा स्क्रूचा, पितळी ब्लॉकवाला (ब्लॉक म्हणजे ब्रिजखाली बॉडीच्या खाचेत उतरणारा ठोकळा) ट्रेमोलो, म्हणजे आर्मने (दांड्याने) हलवता येणारा ब्रिज, ऑनलाइन मागवलास आणि घरीच बसवलास. भोकं 'थोडीशी' जुळत नव्हती पण स्क्रू आवळत गेल्यावर बसले. आता ब्रिज मागून सात-आठ मिलिमीटर वर उचललेला आहे, आर्म दाबून सोडला की सगळ्या तारा किंचित उतरलेल्या, वर ओढून सोडला की सगळ्या किंचित चढलेल्या, आणि जी ची तार बेंड केली (बोटाने आडवी ओढली) की ती एकटीच वेगळी उतरते. तर जाड स्प्रिंगा घेऊ का, की सरळ फ्लॉइड रोज (तारा दोन्ही टोकांना लॉक करणारा ट्रेमोलो) टाकू, असं तुला विचारायचंय. शिवाय आर्म लडबडतो.

दादा म्हणालास म्हणून अरेतुरेच करतो. ठाण्यात गेली एकोणीस वर्षं गिटार रिपेअरिंग करतोय आणि ट्रेमोलोची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकजण स्प्रिंगांबद्दलच विचारतात. स्प्रिंगा दिसतात ना, म्हणून. पण तुझी जी लक्षणं आहेत त्यात स्प्रिंगांचा दोष फार थोडा आहे, आणि फ्लॉइड रोजचा तर आत्ता विचारही नको, ते का ते खाली सांगतो.

ट्रेमोलो म्हणजे तराजू समज. एका पारड्यात सहा तारांचा ताण, दुसऱ्या पारड्यात मागच्या खाचेतल्या स्प्रिंगा. नऊ-बेचाळीसचा सेट (सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, हजारांश इंचात) साध्या ट्यूनिंगला असला तर तारा मिळून साधारण अडतीस किलोने ओढतात, दहा-शेहेचाळीसचा असला तर सत्तेचाळीसच्या आसपास. तेवढीच ओढ स्प्रिंगांनी उलट्या बाजूने दिली की ब्रिज मध्ये तरंगतो. तुझा ब्रिज वर उचललाय म्हणजे तारांचं पारडं जड झालंय, हे क्लॉचे (मागच्या खाचेत स्प्रिंगा जिला अडकवतात त्या पट्टीचे) स्क्रू फिरवून पाच मिनिटांत सुटतं. पण तराजूचा काटा जिथे टेकलाय तिथेच तो घासत असेल तर? मग पारडी कितीही बरोबर कर, तो काटा दरवेळी वेगळ्याच जागी थांबणार. तुझं खरं दुखणं हेच आहे, ब्रिज हलल्यावर परत त्याच जागी येत नाहीये.

हे कशावरून म्हणतो? तूच लिहिलंयस त्यावरून. दाबल्यावर *सगळ्या* तारा उतरतात आणि ओढल्यावर *सगळ्या* चढतात, म्हणजे तार कुठे अडकलेली नाही, अख्खा ब्रिजच अडकतोय, पुढे झुकला की थोडा पुढेच राहतो आणि मागे गेला की थोडा मागेच. नटमध्ये (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) तार अडकली असती तर उलटं झालं असतं, म्हणजे आर्म दाबून सोडल्यावर ती तार *चढलेली* सापडली असती आणि बेंड केल्यावर उतरलेली. कारण दाबल्यावर तार ढिली होऊन थोडी ट्यूनिंग कीकडे सरकते, सोडल्यावर ती परत यायला हवी, नटने धरून ठेवली की नट आणि ब्रिजमधल्या भागाचा ताण जास्त राहतो. बेंडला बरोबर याच्या उलट. तुझी जी ची तार बेंडनंतर उतरते तो हा दुसरा आजार, तो नटचा. तेव्हा दोन वेगवेगळी दुखणी एकाच वेळी आहेत आणि म्हणून तू गोंधळलायस. ट्यूनर लावून, मध्ये कुठेही परत ट्यून न करता, आधी एकदा दाबून बघ, मग एकदा ओढून बघ, आणि सहाही तारांचं कागदावर लिहून काढ. मी आजही हेच करतो, पहिली दहा मिनिटं हत्यार हातात घेत नाही.

आता ब्रिज का अडकतोय. तुझ्या फोटोत मला स्क्रूंची डोकी सरळ बसलेली दिसत नाहीत, बाहेरचे दोन तर स्पष्ट तिरके आहेत. जुन्या फेंडर मापाच्या ब्रिजमध्ये पहिल्या स्क्रूपासून सहाव्यापर्यंतचं अंतर सुमारे ५६ मिमी असतं, आणि आशियात बनणाऱ्या बऱ्याच गिटारांत ते ५२.५ मिमी असतं. म्हणजे मधल्या दोन भोकांत जेमतेम अर्धा मिमीचा फरक पण बाहेरच्या भोकांत प्रत्येकी पावणेदोन-दोन मिमीचा. लाकूड मऊ असतं त्यामुळे स्क्रू वाट काढत जातो आणि आपल्याला वाटतं बसला, पण तो आत तिरका गेलेला असतो आणि ब्रिजची प्लेट त्याच्या मानेवर चिकटून राहते. दारं कशी, बिजागरीचा एक स्क्रू तिरका गेला की कुरकुरत उघडतात आणि अर्धवट थांबतात, तसंच.

म्हणून पहिलं काम, जुना ब्रिज फेकला नसशील तर काढ आणि पट्टीने नाही, कॅलिपरने मोज. प्लास्टिकचा स्वस्त कॅलिपरही चालेल. ५२.५ चा असेल आणि तू घेतलेला ५६ चा असेल तर माझा प्रामाणिक सल्ला, हा परत करता येत असेल तर परत कर आणि ५२.५ चा घे. घेताना दोन गोष्टी अजून बघ. एक, ब्लॉकची उंची, कारण स्ट्रॅटची बॉडी साधारण ४५ मिमी जाड असते आणि स्वस्तातल्या कितीतरी गिटारांची ४० च्या आसपास, मग पूर्ण मापाचा ब्लॉक मागून बाहेर डोकावतो आणि मागचं झाकण बसत नाही. दुसरं, आर्मचे आटे. अमेरिकन ब्रिजचे इंचातले असतात, बाकीचे बरेच एम ५ किंवा एम ६, आणि हे एकमेकांत बसल्यासारखे वाटतात पण बसत नाहीत, जबरदस्ती केली की ब्लॉकचे आटे जातात.

परत करता येत नसेल, किंवा हाच ठेवायचा असेल, तर भोकं बुजवून नवीन पाडावी लागतील. यात काड्यापेटीच्या काड्या आणि टूथपिक कोंबायचे नाहीत, ते स्ट्रॅपच्या बटणाला ठीक, इथे दिवसरात्र ओढ असते. फर्निचरचं सामान मिळतं तिथे बीचच्या गोल खुंट्या मिळतात, ६ मिमीच्या आण. भोक ६ मिमीने मोठं करताना एक धोका आहे, या भोकांच्या अगदी मागेच ब्लॉकची खाच आहे आणि मधली लाकडाची भिंत फार पातळ असते, ड्रिल तिरकं गेलं तर ती फुटते. माझ्याकडे एका मुलाची गिटार अशीच आली होती, घाईत ड्रिल केलेली, ती भिंतच निखळली होती आणि मला नवीन लाकडाचा तुकडा बसवावा लागला, दोन भोकांचं काम आठवड्यावर गेलं. तेव्हा ड्रिल स्टँड असेल तर उत्तम, नाहीतर शेजारी सुताराचा गुण्या उभा धरून त्याच्या आधाराने सरळ जा. तेही जमणार नाही असं वाटलं तर एवढंच काम ओळखीच्या सुताराकडून करून घे, त्यात काही कमीपणा नाही. बिटला किती खोल जायचं तिथे मास्किंग टेप गुंडाळ. खुंटीला फेविकॉल लावून ठोक आणि चोवीस तास हात लावू नकोस, पावसाळा असेल तर दोन दिवस.

नवीन भोकं पाडायच्या आधी ब्रिज कुठे बसणार हे दोनदा नाही, तीनदा तपास. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोज, स्ट्रॅटच्या मापाला ते जवळपास ३२४ मिमी येतं, तेवढंच पुढे पातळ ई चं सॅडल (ब्रिजवर तार जिथे टेकते तो छोटा तुकडा) यायला हवं, वर दीड-दोन मिमी मागे, आणि जाड ई चं त्याहून अजून थोडं मागे. सॅडल्स अशा जागी ठेवून बघ की पुढे-मागे दोन्हीकडे फिरायला जागा राहील. मग साधा शिवणाचा धागा घे, नटच्या पहिल्या खाचेतून पहिल्या सॅडलवर आणि सहाव्या खाचेतून सहाव्या सॅडलवर ताणून टेपने चिकटव, आणि वरून बघ दोन्ही धागे फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का. मला हा धागा आवडतो, कारण पट्टीवर आकडे बरोबर दिसतात आणि तरी ब्रिज एका बाजूला गेलेला असतो, धाग्यावर ते लगेच डोळ्याला खुपतं. ३.५ मिमीच्या स्क्रूला साधारण २.५ मिमीचं भोक पुरतं, स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घास आणि मग बसव.

स्क्रू किती आवळायचे हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त चुकतंही तिथेच. स्प्रिंगा काढून ठेव, ब्रिज बॉडीवर सपाट पडू दे. एक स्क्रू आवळत जा, एका क्षणी प्लेटची मागची बाजू उचलायला लागेल, तिथून परत इतका ढिला कर की प्लेट पुन्हा सपाट पडेल. सहाही असेच. मग मधले चार आणखी अर्धा-एक फेरा ढिले कर. म्हणजे झोका सगळा बाहेरच्या दोन स्क्रूंवर, मधले नुसते सोबतीला. आता हाताने ब्रिज मागून उचलून सोड. तो टप्पकन पडायला हवा, हळूहळू नाही. हळू पडला तर कुठेतरी अजून चिकटतोय, कुठला स्क्रू ते एकेक ढिला करून शोध. एवढं एक जमलं की तुझं निम्मं काम झालं. स्क्रूच्या मानेपाशी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, टाचणीच्या टोकाने. खोबरेल तेल लावू नकोस, थंडीत गोठतं आणि धूळ धरून त्याचा चिकटा होतो, मी खरवडून काढलाय तसला.

आता तराजू. आधी ठरव तुला ब्रिज तरंगता हवा की बॉडीला टेकलेला. हे खरोखर तू काय वाजवतोस त्यावर आहे. तरंगत्या ब्रिजवर वरखाली दोन्हीकडे जाता येतं, कॉर्डवर हलकी लहर मस्त येते, पण एक तार बेंड केली की बाकीच्या उतरतात आणि एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांना मी नेहमी टेकलेला करून देतो, लावणी रंगात आलेली असताना तार तुटली तर गाणं थांबवता येत नाही, उरलेल्या पाच तारांवर निभवावं लागतं. तू ड्रॉप डी (जाड ई ची तार डी पर्यंत उतरवलेली) आणि साधं ट्यूनिंग सारखं बदलत असशील तरी टेकलेलाच बरा. टेकलेल्याला चार स्प्रिंगा लाव, जोरात बेंड केल्यावरही ब्रिज उचलणार नाही इतका क्लॉ आवळ, झालं.

तरंगता हवा असेल तर नऊ-बेचाळीसला तीन स्प्रिंगा बहुतेक वेळा पुरतात, दहाच्या सेटला मी चौथी लावतो. प्लेटच्या मागच्या बाजूला बॉडीपासून ३ मिमीच्या आसपास अंतर, फेंडरचं जुन्या पद्धतीच्या ब्रिजचं मापही एक अष्टमांश इंच म्हणजे तेवढंच आहे. आता हे अंतर मिळवताना लोक वेडे होतात, कारण एक तार लावली की दुसरी उतरते, ती लावली की पहिली उतरते, आणि तासभर हेच. त्यावर माझी पद्धत अशी. क्लॉचे दोन्ही स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळ म्हणजे ब्रिज बॉडीला चिकटेल. चार जुनी एटीएम कार्डं एकावर एक ठेव, एक कार्ड पाऊण मिमीचं असतं, चार मिळून बरोबर तीन. ती प्लेटच्या मागच्या कडेखाली सरकव आणि ब्रिजला त्यांच्यावर टेकू दे. आता ब्रिज हलत नाही त्यामुळे सहाही तारा आरामात ट्यून होतात. मग मागे जाऊन क्लॉचे स्क्रू पाव-पाव फेरा, दोन्ही सारखे, ढिले करत जा आणि दर फेऱ्याला कार्ड बोटाने हलवून बघ. आधी घट्ट असतात, मग थोडी सरकतात, आणि एका पाव फेऱ्याला चारही सहज हातात येतात. तिथे थांब. ट्यूनर बघ, तारा जागच्या जागी असतात, कारण दोन्ही पारडी तिथेच जुळलेली असतात. पहिल्यांदा हे करून बघशील तेव्हा तुलाही बरं वाटेल.

क्लॉचे स्क्रू लाकडात लांबवर गेलेले असतात, स्क्रूड्रायव्हर नीट मापाचा घे आणि आवळताना तारा जरा उतरवून ठेवल्या तर डोकं खराब होत नाही. आणि क्लॉला एक वायर सोल्डर केलेली असते ती तुटू देऊ नकोस, ती अर्थिंगची आहे, तुटली की अ‍ॅम्पमधून घुंई आवाज येतो आणि तारांना हात लावला तरी जात नाही.

नटचं काम सोपं आहे पण हात हलका हवा. ट्यून करताना जी च्या तारेचा 'टिंग' असा आवाज येतो का बघ, येत असेल तर ती खाचेत अडकून सुटतेय. तार बाजूला घे, खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घास आणि परत लाव. तेवढ्याने बऱ्याचदा भागतं. नाही भागलं तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून खाचेच्या *बाजू* दोन-तीनदा हलक्या घास, तळाला हात लावू नकोस, खाच खोल झाली की तार पहिल्या फ्रेटवर खडखडते आणि मग नवीन नटच करावा लागतो. तारा वाकवणाऱ्या हेडस्टॉकवरच्या त्या छोट्या क्लिपा असतात तिथेही तेच शिसं. कीवर दोन-तीन वेढे, जास्त नाही, आणि नवीन तार लावल्यावर बोटांनी सहा-सात वेळा ओढून ट्यून कर. न ताणलेल्या नव्या तारांवर ट्रेमोलोची परीक्षा घेणं म्हणजे ब्रिजवर अन्याय आहे.

यानंतर बाकीचा सेटअप, तो थोडक्यात सांगतो कारण तो कुठल्याही गिटारसारखाच. नेकचा बाक आधी, पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्यावर पाव मिमीच्या आसपास फट. मग सॅडल्सची उंची, बाराव्या फ्रेटवर दीड ते दोन मिमी, जाड तारांना थोडी जास्त, त्यासाठी आयात ब्रिजला बहुतेक दीड मिमीची एलन की लागते. मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं), बाराव्यावर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा सूर) चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. तरंगत्या ब्रिजवर यातलं काहीही बदललं की बाकीचं थोडं हलतं, म्हणून अख्खी फेरी दोनदा करायची, एकदा करून कंटाळायचं नाही. आणि आपल्याकडे मुंबई-कोकणात पहिला पाऊस पडून आठवडा झाला की नेक थोडा हलतोच, त्याबरोबर ब्रिजही वरखाली दिसतो, तेव्हा स्प्रिंगा बिघडल्या असं समजून लगेच क्लॉ फिरवू नकोस, आधी बाक बघ.

फ्लॉइड रोजबद्दल. १९५४ साली लिओ फेंडरने स्ट्रॅटवर हा ब्रिज आणला तेव्हा सॅडल्स आणि तारांचं मागचं टोक एकत्र हलवायचं ही कल्पना होती, नटचं घर्षण मात्र तसंच राहिलं. फ्लॉइड रोजने सत्तरच्या दशकाच्या शेवटी दोन्ही टोकांना तार कुलूपबंद केली आणि तो प्रश्न मिटवला, जोरदार आर्म वापरणाऱ्यांसाठी ती फार मोठी सोय आहे. (दोन्हींना ट्रेमोलो म्हणतात पण सूर वरखाली होणं म्हणजे खरं तर व्हायब्रेटो, नाव तेव्हापासून उलटं पडलंय ते पडलंच.) पण त्याचे दोन खांब ७४ मिमीवर असतात, बॉडीत राउटरने मोठी खाच करावी लागते, नट कापून लॉकिंग नटसाठी जागा करावी लागते, आणि एवढं करून तराजू तोच राहतो. तुझ्या गिटारच्या किमतीत हे बसत नाही आणि एकदा लाकूड कापलं की परत फिरता येत नाही. हीच हौस असेल तर पुढची गिटार मुळातच फ्लॉइडवाली घे.

राहिला लडबडणारा आर्म. आटे नीट असतील आणि नुसता ढिलेपणा असेल तर आर्मच्या आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळ, आटे फिरतात त्याच दिशेने, आणि हाताने जाईल तेवढाच आत फिरव. पक्कड लावायची वेळ आली तर थांब, माप चुकीचं आहे, आटे जातील. खुंट्या बसवल्यावर वरून एक आणि बाजूने एक फोटो टाक, ड्रिल करायच्या आधी मी बघून सांगतो.